पत्रिका टाकली, रक्ताचा कागद कधी बघणार?

मागच्या उन्हाळ्यात एक माय-लेक आमच्या कार्यालयात आल्या. लेकीच्या कडेवर दीड वर्षांचे बाळ होते. हातपाय सुजलेले, डोळे पिवळसर. मायने पिशवीतून नोटीस काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, “वकीलसाहेब, आमच्या पोरीचं रक्तच खराब हाये म्हन्तेत ते. लगन लावाच्या टायमाले आमी लपवलं म्हन्तेत.”

आम्ही नोटीस वाचली. मुलगी सिकलसेलची वाहक आहे, ही गोष्ट लग्नापूर्वी हेतुपुरस्सर दडवून ठेवली, त्यामुळे रोगी अपत्य जन्मास आले, सबब फसवणुकीच्या कारणाने विवाह रद्दबातल ठरवून मिळावा, अशी तयारी नवऱ्याकडून चालली होती. सोबत मुलीच्या तपासणीचा कागद जोडला होता. त्यावर एएस पॅटर्न लिहिले होते. बाळाचा कागद एसएस, म्हणजे आपल्याकडे लोक ज्याला डबल एस म्हणतात तो. नवऱ्याचा कागद नव्हता. आम्ही विचारले, जावयाची तपासणी कधी केली? मायलेकी एकमेकींकडे पाहू लागल्या. त्यांची तपासणी कशाला, असा भाव होता.

या नोटिशीला उत्तर देण्यासाठी आम्हाला कायद्याचे पुस्तक उघडावे लागले नाही. मुलाला डबल एस व्हायचे असेल तर एक एस आईकडून आणि दुसरा एस बापाकडूनच यावा लागतो. दीड वर्षाचे ते बाळ हाच बापाच्या रक्ताचा दाखला होता. नोटीस पाठवणाऱ्याने स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा जोडून पाठवला होता, आणि ती नोटीस लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूच्याही हे ध्यानात आले नव्हते.

हा एका घराचा प्रसंग असता तर वर्तमानपत्रात लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु विदर्भात, त्यातही नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात, सिकलसेल हा आपल्या बौद्ध समाजाच्या घराघरांतला प्रश्न आहे. आदिवासी बांधवांत तो आहे, तेली-कुणबी समाजांतही आढळतो, आणि आपल्यात लक्षणीय प्रमाणात आढळतो. तरीही आपल्या सभासंमेलनांत यावर जेवढे बोलले पाहिजे तेवढे बोलले जात नाही. आरक्षण, ॲट्रॉसिटी, शिष्यवृत्ती यांवर आम्ही तासन् तास बोलतो, आणि ते बोललेच पाहिजे. पण घरात नवी सून आली की सहा महिन्यांत “काही आहे का?” असे विचारणारे आम्हीच असतो. ते “काही” येण्यापूर्वी त्या मुलीच्या आणि आपल्या मुलाच्याही शरीराची काय तयारी आहे, हे कोणी विचारत नाही.

काही बौद्ध बांधवांना वाटते की हा रोग आपल्याच वाट्याला का, काही पाप आहे काय. पाप-पुण्याची ही भाषा आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर टाकून आलो. याचे उत्तर विज्ञानाने दिलेले आहे. ज्या प्रदेशात शतकानुशतके हिवताप होता, तिथे ज्याच्या रक्तात एकच एस आहे तो माणूस हिवतापाच्या गंभीर आजारातून अधिक वाचला. ॲन्थनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून हे दाखवून दिले. म्हणून सिकलसेल आफ्रिकेत आहे, अरबस्तानात आहे, भूमध्य समुद्राच्या काठाने आहे आणि आपल्या जंगलपट्ट्यातही आहे. भारतात त्याची पहिली नोंद १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये झाली. जो एस आज लेकरांना छळतो त्यानेच एकेकाळी आपल्या पूर्वजांना तगवले. यात लाज कसली?

मात्र तो इतका साचून का राहिला, याच्या उत्तरात आपलीही जबाबदारी आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातीवरचा जो निबंध वाचला, त्यात जातीचे मर्म एका शब्दात सांगितले. गटाबाहेर लग्न न करणे हेच ते मर्म. समाजशास्त्राचा हा सिद्धांत रक्तालाही लागू पडतो. एका गटातला एस त्याच गटात फिरत राहतो आणि दोन वाहक एकमेकांच्या गळ्यात हार घालण्याची शक्यता वाढते. आणि आम्ही काय करतो? धम्म स्वीकारून सत्तर वर्षे होत आली तरी वधू-वर मेळाव्यात कुजबुजत विचारतो, “बावणे की लाडवण? कोसरे तर नाही?” वर आत्ये-मामेभावंडांत सोयरीक करून घरातली भाकर घरात ठेवतो. जातीबाहेर लग्न केले म्हणजे तपासणीची गरज संपली असे नव्हे, कारण एस इतर समाजांतही आहे. परंतु पोटजातीचे कुंपण राखायचे आणि मग डबल एस लेकराबद्दल नशिबाला बोल लावायचा, हे बुद्धाच्या अनुयायांना शोभत नाही.

हिशेब सोपा आहे, सगळ्यांनी पाठ करावा. नवरा-बायको दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात डबल एस मूल होण्याची शक्यता चारात एक, वाहक मूल होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी मुलाची चारात एक. “पहिले डबल एस झाले, आता पुढची तीन सुटली” अशी समजूत आम्ही शिकलेल्या घरांतही ऐकली आहे. तसे नसते. दरवेळी फासा नव्याने पडतो. एकच जण एएस असेल आणि दुसरा पूर्ण निरोगी, तर डबल एस मूल होत नाही. वाहक असणे हा आजार नाही. वाहक माणूस मजुरी करतो, नोकरी करतो, धावतो. त्याला बहुधा काहीच होत नाही, म्हणूनच त्याला पत्ता नसतो. साध्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन चांगले आले म्हणून वाहक नाही असेही होत नाही. त्यासाठी आधी सोल्युबिलिटी ही साधी चाचणी करतात. तिच्यातून एस आहे एवढेच कळते. तो एक की दोन, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. “चाचणी पॉझिटिव्ह आली” एवढ्यावर घरी परतू नये.

ही तपासणी लग्नापूर्वी झाली तर उत्तम. लग्न झालेले असेल तर गर्भ राहण्यापूर्वी व्हावी, आणि दोघांची व्हावी. गर्भ राहिल्यावर कळले तर वेळ फार थोडा उरतो. गर्भाला डबल एस आहे की नाही हे अकराव्या आठवड्यानंतर वारेचा अंश घेऊन किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल घेऊन तपासता येते. गर्भलिंग निदानाविरुद्धचा १९९४ चा कायदाही रक्ताच्या अशा आनुवंशिक दोषांसाठी तपासणीची मुभा देतो. पण ही सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणी. खेड्यातली आपली भगिनी चौथ्या महिन्यात नाव नोंदवायला जाते. मग तिची तपासणी, मग अहवाल, मग नवऱ्याला बोलवा, तो कामावर पुण्याला. तोवर पाचवा-सहावा महिना लागतो. गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन काही स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत गेली आहे हे खरे. परंतु कायद्याची मुदत आणि गरीब बाईच्या हातातली मुदत यात फरक असतो, हे आम्ही रोज पाहतो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो. डबल एस मूल म्हणजे चूक नव्हे. त्यालाही बाबासाहेबांच्या संविधानाने तेवढाच हक्क दिलेला आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या परिशिष्टात सिकलसेल आजाराचे नाव आहे. वेळेवर लसी, औषध, पाणी, थंडीपासून जपणूक मिळाली तर अशी मुले शिकतात, कमावतात. दोघेही वाहक असताना मूल होऊ द्यायचे, गर्भाची तपासणी करायची, दत्तक घ्यायचे की नाहीच, हा त्या दोघांचा निर्णय. सासूचा नाही, समाजाच्या अध्यक्षाचा नाही. आमचा आग्रह एवढाच की तो निर्णय माहिती असताना व्हावा.

आणि ज्या मुली स्वतः डबल एस आहेत, त्यांनी तर गर्भ राहण्यापूर्वी डॉक्टरांना भेटल्याशिवाय पाऊल उचलू नये. हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू असेल तर ते साधारण तीन महिने आधी थांबवण्याचा सल्ला देतात. तो डॉक्टरांनी द्यायचा, शेजारणीने नाही. मूत्रपिंड, डोळे, रक्तदाब तपासून घ्यावे लागतात. फॉलिक ॲसिडची मात्रा इतर स्त्रियांपेक्षा जास्त लागते. उलट लोहाची गोळी मात्र शरीरात लोह खरोखर कमी आहे हे पाहूनच, कारण डबल एस रुग्णाचे हिमोग्लोबिन लोहाअभावीच कमी असते असे नाही. बाळंतपण रक्तपेढी असलेल्या मोठ्या इस्पितळातच व्हावे.

सिकलसेल नसले म्हणून बाकीच्या भगिनी सुटल्या असे नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघींपैकी एकीपेक्षा जास्त. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या शरीरात गर्भ राहतो आणि मग नऊ महिन्यांत गोळ्या देऊन ते भरून काढायची धडपड चालते. आधीच रिकामी असलेली विहीर उपसायला लावायची आणि पाणी का लागत नाही म्हणून ओरडायचे, असा हा प्रकार आहे. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात गरोदर नसलेल्या स्त्रियांसाठीही आठवड्याला एक लाल गोळी ठरलेली आहे. तिच्यात लोह आणि फॉलिक ॲसिड दोन्ही असते. आपल्या वस्तीत ती कोणाला मिळते, हे महिला मंडळांनी आशाताईंना विचारावे.

फॉलिक ॲसिडबद्दल थोडे अधिक सांगणे भाग आहे. बाळाच्या मेंदूची आणि पाठीच्या कण्याची नळी गर्भधारणेनंतर सुमारे अठ्ठावीस दिवसांत बंद होते. म्हणजे पाळी चुकली, वाट पाहिली, मग तपासले, तोवर ते काम बहुतेक उरकलेले असते. म्हणून ही गोळी निदान महिनाभर आधीपासून आणि पुढे पहिले तीन महिने रोज घ्यायची असते. गोळी फार महाग नाही. तिची वेळ चुकते, कारण गर्भ राहण्यापूर्वी डॉक्टरकडे जाणे म्हणजे “काहीतरी बिघाड आहे” असे आपल्याकडे समजले जाते. साखर, थायरॉईड, रक्तदाब यांचीही तीच गत. रुबेलाची लस घ्यायची राहिली असेल तर ती गर्भ राहण्यापूर्वी महिनाभर तरी आधी घ्यावी लागते, गरोदरपणात देत नाहीत.

आहाराबद्दल आम्ही उपदेश करणार नाही. मोसंबी आणि बदाम खा म्हणणारे आमच्या वस्तीत राहत नाहीत. तरोट्याची, अंबाडीची, शेवग्याची भाजी, बरबटी, हरभरा, जवसाची चटणी, अंडी, सुकट हे आपले अन्न आहे आणि ते कमी दर्जाचे नाही. वर लिंबू पिळावे, जेवणावर लगेच चहा घेऊ नये, म्हणजे लोह अंगी लागते. स्वस्तातले मांस खाऊन आपल्या आयाबायांनी बाळंतपणे निभावली. २०१५ च्या कायद्याने बैलाचे मांसही महाराष्ट्रात बंद झाले, तेव्हा या बायांच्या ताटात त्याऐवजी काय वाढणार, हा प्रश्न किती जणांनी विचारला? आणि घरातले सगळे जेवून उठल्यावर भांड्यात जे उरेल ते सुनेचे, ही रीत कोणत्या मनूने नव्हे, आम्हीच चालू ठेवली आहे.

आता पुरुषांकडे वळू. तयारी बाईनेच करायची, हा समजच मुळात चुकीचा. पुरुषाचे बीज तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. त्या काळात तो काय खातो, काय पितो, याचा त्याच्यावर परिणाम होतो. नागपुरात चळवळीचा मोर्चा निघाला की निळ्या झेंड्याच्या काठीबरोबर खिशात घोटलेला खर्रा असतोच. हे लिहिताना आम्हाला आनंद होत नाही. तंबाखूने बीज अशक्त होते, दारूनेही होते. पाचव्या शीलाचा अर्थ आम्ही विहारात म्हणण्यापुरता ठेवला. मूल होत नाही म्हणून सुनेला तालुक्याच्या बाबाकडे नेणाऱ्या किती घरांनी आधी मुलाची तपासणी केली?

बाबासाहेब या विषयावर गप्प नव्हते. चार लेकरांचे मरण रमाईने आणि त्यांनी सोसले होते. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणापूर्वीची आणि नंतरची विश्रांती हे राष्ट्राचे हित मानले, आणि त्याचा खर्च सरकारनेही उचलावा असे म्हटले. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले. ठराव फेटाळला गेला. पुढे २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेत, त्यांनी हजारो स्त्रियांना सांगितले की लग्नाची घाई करू नका, फार मुले होऊ देणे हा गुन्हा समजा, आणि बायकोने नवऱ्याची दासी नव्हे तर बरोबरीची मैत्रीण म्हणून राहावे. नागपूरच्या बायांनी ते ऐकले. त्यांच्या नातवंडांच्या लग्नात आम्ही आज किती तोळे आणि किती प्लेट यावर बोलतो.

सरकारचे काय म्हणाल तर सरकारला बाई दिसते ती गर्भ राहिल्यावर. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये लिहून दिले. २०१७ पासूनची मातृ वंदना योजना पहिल्या मुलाला ५,००० देते, आणि दुसऱ्यांदा मुलगी झाली तरच ६,०००. कायद्यात “प्रत्येक” हा शब्द असताना योजनेने त्याला कात्री लावली. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्यप्रदेशात शहडोल येथे सुरू झाली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ चे उद्दिष्ट. तिचा भर आदिवासी क्षेत्रांवर आहे, तो असायलाच हवा. परंतु इंदोऱ्यातला आणि भंडाऱ्यातला बौद्ध तरुण त्या नकाशात कुठे बसतो, हे लोकप्रतिनिधींना विचारण्याचे काम आपले आहे.

बौद्ध माणसाने पत्रिका फेकली, गुण जुळवणे फेकले, मंगळ फेकला. त्या रिकाम्या जागी रक्ताचा कागद यावा असे आम्ही म्हणतो, तेव्हा काही कार्यकर्ते पुढचे टोक गाठतात. त्यांना वाटते, वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेत उंची-पगाराखाली एएस-एसएसचा रकाना छापावा, व्यासपीठावर जाहीर करावे. आम्ही याच्या विरुद्ध आहोत. असे छापले की वाहक मुलीला कोणी विचारणार नाही, वाहक मुलाला मात्र नोकरी पाहून विचारतील. रक्त शुद्ध-अशुद्ध ठरवणाऱ्यांनी आपल्याला हजारो वर्षे गावाबाहेर ठेवले, आता आपणच आपल्या लेकींसाठी नवे गावकुसाबाहेर उभारणार काय? कागद दोघांनी दोघांना दाखवावा. बौद्धाचार्यांनी तारीख देताना त्याबद्दल विचारावे, पाहू नये. वर्षावासात विहारात तीन महिने लोक जमतात. एका रविवारी आरोग्य केंद्राच्या माणसांना बोलावून तपासणी ठेवायला डीजेच्या खर्चाचा विसावा हिस्साही लागत नाही.

आणि कायद्याचे म्हणाल तर, आपल्यालाही हिंदू विवाह कायदा, १९५५ लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्याच्या कलम १२ खाली फसवणुकीच्या कारणाने विवाह रद्द मागता येतो, पण ती फसवणूक महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दलची असावी लागते, आणि कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. जी गोष्ट मुलीला स्वतःलाच ठाऊक नव्हती ती तिने दडवली कशी? मुलींच्या आईबापांनो, अशा नोटिशीने घाबरून कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

त्या माय-लेकीच्या प्रकरणात आम्ही उत्तरात एकच मागणी केली, नवऱ्याने आपला तपासणी अहवाल हजर करावा. त्यानंतर नोटिशीचा पाठपुरावा झालेला नाही, आणि अहवालही आलेला नाही. बाळाचे औषध सुरू आहे. तिच्या धाकट्या भावाची सोयरीक यंदा ठरली. आम्ही न सांगता तो रक्त देऊन आला. एएस निघाला. मुलीकडच्यांना सांगावे की नाही यावर घरात दोन दिवस भांडण झाले. शेवटी तो एकटाच गाडीवर भंडाऱ्याला गेला आणि सांगून आला. मुलीची तपासणी सोमवारी आहे.